दोन नद्यांच्या बेचक्यातली ओळ



बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, आणि सूनबाईंनी महिनाभर संगणकाला हात लावू दिला नाही. पुण्याच्या वन्संनी तर फोन करून विचारले, "ब्लॉग बंद पडला की काय?" बंद नाही पडला. डोळा बरा आहे, अक्षर मोठे करून लिहिते आहे.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. माझ्या भावाचा नातू इंग्लंडमध्ये शिकतो. एका सुट्टीत तो सायकल घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडला आणि मला फोटो पाठवले. दगडी चर्च, भोवती गवत, गवतात कलंडलेले थडग्यांचे दगड, एक जुनाट काळपट झाड. दोन-तीन मैलांवर दुसरी वस्ती, तिथे दुसरे चर्च. एका चर्चमध्ये लाकडी फळा होता आणि त्यावर तेराव्या शतकापासून आजपर्यंतच्या पाद्र्यांची नावे सनावळीसह ओळीने लिहिली होती. खाली पोराने लिहिले होते, "आत्याआजी, या एवढ्याशा गावाकडे शेकडो वर्षांचा हिशेब आहे. आपल्या गावाचा हिशेब कुठे असतो गं?"

त्याने सहज विचारले असेल, पण मला ते लागले. शाळेत तेहतीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. डूम्सडे बुकाबद्दलही सांगितले होते: विल्यम राजाने १०८६ साली गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या, माणसे मोजून लिहवून घेतली, म्हणून तिथले एखादे खेडे आजही "आमचे नाव त्या बुकात आहे" असे अभिमानाने सांगते. पुढे १५३८ साली प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. साध्या कुणब्याचे नावसुद्धा त्यामुळे कागदावर राहिले. आपल्याकडे असे काही नाही, असे आपण पटकन म्हणून टाकतो. मीही म्हणत होते.

तर आज माझ्या माहेरच्या मुलखाबद्दल लिहिते.

सोलापुरातून विजापूर रस्त्याने निघाले की वडकबाळला सीना लागते. पूल ओलांडला की आपण दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात शिरतो. उजव्या-डाव्या हाताला काळी रानं, ज्वारी, आता बरीचशी उसाने व्यापलेली. मंद्रूप येते, आणि तसेच सरळ गेले तर टाकळीला भीमा लागते. तिच्यापलीकडे कर्नाटक. पण भीमेपर्यंत न जाता अलीकडेच डावीकडे वळून आतल्या रस्त्याला लागायचे. दोन्ही नद्या जवळ येत येत शेवटी जिथे मिळतात, त्या बेचक्यात हत्तरसंग आणि कुडल ही जोडगावे आहेत. लोक एका दमात हत्तरसंग कुडल म्हणतात. सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटर. माझे माहेर त्याच पट्ट्यातले एक खेडे. नाव लिहीत नाही, भाऊबंद वाचतात आणि मग कुणाचे नाव आले, कुणाचे राहिले यावरून रामायण होते.

आधी नावाची गंमत. कूडल हा कन्नड शब्द, अर्थ एकत्र मिळण्याची जागा, म्हणजे संगमच. तेव्हा आपण "कुडल संगम" म्हणतो तेव्हा एकच शब्द दोन भाषांत दोनदा उच्चारतो. बसवण्णांच्या वचनांच्या शेवटी येणारा कूडलसंगमदेव हा नव्हे बरे का. ते कूडलसंगम बागलकोट जिल्ह्यात, कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर. आमच्याकडे चौकशी करणारे पाहुणे हटकून तिथे जाऊन पोचतात. एका व्याह्यांनी असा दीडशे किलोमीटरचा फेरा मारला आणि दोष मात्र आम्हाला दिला.

लहानपणी संक्रांतीला बैलगाडी जुंपून संगमावर अंघोळीला जायचो. आई आदल्या दिवशीच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, शेंगाची चटणी आणि दही बांधून घ्यायची. पाण्यातून कुडकुडत बाहेर यायचे आणि देवळाच्या आडोशाला उन्हाला बसायचे. तेव्हा देऊळ म्हणजे अर्धे दगड, अर्धी माती. एक संगमेश्वराचे, त्यात पूजाअर्चा चाले. शेजारी हरिहरेश्वराचे, ते आम्हा पोरांच्या लेखी नुसता ढिगारा होता, दगडांतून बाभळी उगवलेल्या आणि साप निघतात म्हणून मोठी माणसे तिकडे फिरकू द्यायची नाहीत. संगमेश्वराच्या आत वटवाघळांचा वास. मी नाक दाबून दर्शन घ्यायची आणि पळायची. वर तुळईकडे मान करून पाहायचे सुचले नाही, आणि पाहिले असते तरी काय कळणार होते!

त्या तुळईवर एक लेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. पहिल्या भागात शके ९४० आणि कालयुक्त संवत्सर येते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळते हे माझ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे, म्हणजे १०१८. आणि लेखाच्या शेवटी सरळ मराठी ओळ आहे: "वाछि तो विजेया होइवा." जो वाचील तो विजयी होईल.

हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी निवृत्तीला आले होते. वर्गात मी काय शिकवत होते? मराठीतले आद्य वाक्य श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी, "श्रीचावुंडराजें करवियलें". दर वर्षी फळ्यावर लिहायचे, पोरांनी उतरवून घ्यायचे. पुस्तकात तेच होते, परीक्षेत तेच विचारले जायचे. माझ्या वर्गात सीनेकाठची, भीमेकाठची पोरे बसलेली असत, त्यांतली काही दर संक्रांतीला त्या तुळईखाली दही-भाकरी खाऊन आलेली. त्यांना मी पाचशे किलोमीटर दूरचा पुतळा दाखवत होते. आता तर अभ्यासक असेही म्हणतात की बेळगोळची ती अक्षरे मूर्तीच्या काळची नसून बाराव्या शतकातली असावीत. मग तर आमची तुळई शंभर वर्षांनी थोरली ठरते.

पहिला लेख कोणता, हा वाद संपलेला नाही आणि तो इथे मिटवण्याची माझी ऐपत नाही. अलिबागजवळ आक्षीला शके ९३४ म्हणजे १०१२ चा शिलालेख आहे, असे शं. गो. तुळपुळ्यांचे वाचन आहे. त्या हिशेबाने आक्षी सहा वर्षांनी आधीची. सोलापूरकर आक्षीचे नाव काढले की नाराज होतात, कोकणातले लोक कुडलचे काढले की. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर या सहा वर्षांवरून दोन तास चर्चा झाली आणि चहा गार झाला. मला विचाराल तर पहिल्या नंबराचे एवढे काही नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९०. मुकुंदराजांचा विवेकसिंधु ११८८ चा मानतात. त्यांच्या कितीतरी आधी, नदीकाठच्या एका गावात, कुणीतरी दगडावर मराठी लिहीत होते आणि ते वाचणारा कुणीतरी येईल असे त्याने धरून चालले होते. मला नवल याचे वाटते.

आणि ते गाव कसे? तेव्हा इथे कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य, गादीवर दुसरा जयसिंह. या राजवटीतले लेख मोठ्या संख्येने कन्नडमध्ये. आमच्या जिल्ह्यातले शिलालेख श्रीनिवास रित्ती आणि आनंद कुंभार यांनी १९८८ साली एकत्र करून छापले, त्यातही कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी आहेत. आजही गावात तेच. माझी आई माहेरी कन्नड बोले, सासरी मराठी, आणि रागावली की दोन्ही. आम्हा भावंडांचे मराठी असे मिसळलेले. पुढे एका प्रशिक्षण वर्गात पुण्याकडच्या एका तज्ज्ञांनी माझे दोन वाक्ये ऐकून सगळ्यांसमोर म्हटले, "बाई, तुमची मराठी जरा विजापूरहून येते का?" सगळे हसले. मीही हसले, कारण नोकरी नवी होती. रात्री मात्र झोप लागली नाही. त्यानंतर मी शुद्ध मराठीच्या मागे अशी लागले की घरात मुलांनासुद्धा "करलालास" म्हणू देत नसे.

त्याचा भुर्दंड माझ्या विद्यार्थ्यांनी भरला, हे आज लिहायलाच हवे. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या पोरांना ख, घ, छ, भ ही अक्षरे त्रास देतात. भाकरीची बाकरी होते, कधी उलट जिथे नको तिथे जोर चढतो. सीनेकाठचा एक मुलगा होता, हुशार. त्याच्या निबंधावर मी इतकी लाल शाई ओतली होती की खालचे निळे दिसेना. वर्गात मोठ्याने वाचायला उभा केला की त्याचा उच्चार मी थांबवून दुरुस्त करायची, एकदा नव्हे, दर ओळीला. काही महिन्यांनी त्याने वाचणेच सोडले. उभा राहायचा आणि गप्प. मी तेव्हा त्याला हट्टी समजले. दहावीनंतर तो कुठे गेला मला ठाऊक नाही.

आणि इकडे तुळईवर "वाछि"! च च्या जागी छ. माझ्या वर्गात ही वही आली असती तर मी त्या छ भोवती लाल गोल काढला असता आणि अर्धा गुण कापला असता. तेव्हाचे लेखनाचे वळण निराळे, उच्चारही निराळा असेल, दगडावर कोरणाऱ्याला आजचे नियम कसे लावणार, हे सगळे मला समजते. तरी पहिल्यांदा ती ओळ कागदावर वाचली तेव्हा मला आधी इतिहास आठवला नाही, तो मुलगा आठवला.

असो. फार भावूक झाले. पुढे जाऊ.

हरिहरेश्वराचा तो ढिगारा १९९९ च्या सुमारास उपसला गेला. आत काय निघावे? एक भले थोरले शिवलिंग, अंगभर मुखे कोरलेले. मुखे ३५९ मोजली आहेत आणि खुद्द लिंग धरून ३६०, असा हिशेब सांगतात. वजन साडेचार टन म्हणतात. जवळ उभे राहिले की संख्या विसरायला होते. ओळीवर ओळी चेहरे, शांत बसलेले, आणि उजेड सरकला की वेगळेच काही चेहरे पुढे येतात. साफसफाईनंतर देवळाचा स्वर्गमंडपही मोकळा झाला, मधोमध छत नसलेला, वरून गोल आकाश दिसते. लहानपणी आम्ही ज्याला सापाचा ढिगारा म्हणत होतो त्याच्या पोटात हे होते. गाडी सोडून त्यावरच बैल बांधले असतील आम्ही.

आता नातवाच्या मूळ प्रश्नाकडे. आपला हिशेब कुठे असतो?

थोडा हेळव्याकडे असायचा. दक्षिण सोलापूर आणि विजापूरकडच्या वाचकांना हेळवी माहीत असेल. सुगी झाली की बैलावर बसून यायचा, ओट्यावर बसायचा आणि घराण्याची वंशावळ म्हणायला लागायचा: मूळ गाव कुठले, तिथून कुठे आले, कोणाला किती मुलगे. आजोबा मध्येच हुंकार देत. मग त्याला पायलीने ज्वारी, कपडा, कधी पैसे. मी आठ-नऊ वर्षांची असताना विचारले, "यात माझे नाव आहे का?" हेळवी हसला आणि म्हणाला, "तू दुसऱ्याच्या वहीत जाणार बाळ." इंग्लंडच्या त्या नोंदवहीत पोरींचा बाप्तिस्माही लिहीत, हे मला नंतर कळले. तेवढ्यापुरते त्यांचे कौतुक.

थोडा हिशेब दगडावर. आमच्या भीमेच्याच काठी, वरच्या अंगाला पंढरपूर. तिथल्या विठ्ठल मंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, शके ११९५ पासूनचा, म्हणजे १२७३ पासून. यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळी देवळाला कोणी किती दिले याची ती यादी आहे. दात्यांची नावे आणि रकमा, अगदी त्या चर्चच्या फळ्यासारखी, आणि काळही जवळपास तोच. फरक एवढाच की आपल्या लोकांनी त्या दगडाला पाठ घासली तर चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो असे धरले, आणि पिढ्यानपिढ्या पाठी घासून अक्षरे गुळगुळीत करत आणली. माझ्या आजीने घासली आहे. मलाही घासायला लावली होती, मी सहा वर्षांची होते. म्हणजे त्या यादीतले एखादे नाव पुसण्यात माझाही वाटा आहे! जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वेळापुरातही रामचंद्रदेवाच्याच वेळचे मराठी लेख आहेत.

पंढरपूर आणि कुडल यांच्या मध्ये, मंगळवेढ्याजवळ माचणूर आणि ब्रह्मपुरी. तिथे घाटावर सिद्धेश्वर आणि शेजारी औरंगजेबाच्या छावणीचा किल्ला. सतराव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीचा बादशहा काही वर्षे या भीमेकाठी मुक्काम ठोकून होता, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार आमच्या ज्वारीच्या पट्ट्यातून चालत होता. मंगळवेढा तर चोखोबांचा, दामाजीपंतांचा. वेस बांधताना कोसळून चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले, तेही १३३८ साली. त्या इतर मजुरांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत. त्याबद्दल कधीतरी स्वतंत्र लिहीन.

माझ्या मनात हे सगळे होते म्हणून दिवाळीनंतर मुलाला म्हटले, मला कुडलला ने. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला केवढा पूर आला ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्याआधी २०२० च्या ऑक्टोबरात भीमा अशीच चढली होती. नदीकाठच्या बाभळींना माणसाच्या डोक्याच्या वर चिंध्या आणि प्लास्टिक अडकलेले दिसले. उसाची रानेच्या राने आडवी. चहाच्या टपरीवर एक बाई म्हणाल्या, "देऊळ हजार वरसं उभं हाय मावशी, आमचंच घर ऱ्हात न्हाई." त्यांच्या घरात गाळ किती शिरला होता ते त्यांनी गुडघ्याच्या वर हात ठेवून दाखवले. नुकसानीच्या पंचनाम्यात त्यांच्या दोन शेळ्या लिहिल्या होत्या, भांडीकुंडी आणि मुलीची पुस्तके लिहिली नव्हती. मुलगी नववीत. मी पिशवीतून एक वही आणि पेन काढून दिले, फार काही नाही, माझ्याकडे तेवढेच होते.

मग देवळात. आत अंधार, मुलाने मोबाईलचा दिवा वर धरला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने मी तुळईकडे पाहत राहिले. अक्षरे लहान आहेत, आणि सपाट प्रकाशात नुसता खडबडीत दगड दिसतो. पुजाऱ्यांनी सांगितले, दिवा बाजूने धरा. बाजूने धरल्यावर एकेक रेघ उठली. नववीतली ती मुलगी आमच्या मागे मागे आली होती. तिला विचारले, "हे वाचता येईल?" तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "वा... छि... तो." छ नीट, जोर देऊन. मी दुरुस्त केले नाही.

नातवाला फोटो पाठवला आहे. खाली लिहिले, तुझ्या डूम्सडे बुकाच्या अडुसष्ट वर्षे आधीचे, सहीसकट नाही पण तारखेसकट. त्याचे उत्तर आले: "आत्याआजी, मला काहीच वाचता येत नाहीये, दगडच दिसतोय." त्याला कळवले आहे की डिसेंबरात सोलापूरला येशील तेव्हा घेऊन जाईन.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी: हिवाळ्यात सकाळी जा, बॅटरी न्या. पावसाळ्यात आधी नदीची चौकशी करा. आणि गुगलवर नुसते कुडल संगम टाकू नका, आमच्या व्याह्यांसारखे बागलकोटला पोचाल.